जिवंतांचे खांदेकरी

९ एप्रिल १९४५ची संध्याकाळ. इटलीतली सेनिओ नदी, दोन्ही काठांना उंच बांध. मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी नदी उतरून पलीकडच्या बांधावर चालून जात होती. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव या कंपनीत रनर होते, म्हणजे निरोप्या. पलीकडच्या काठाला लागताच जर्मन मशीनगन्सनी पुढच्या जवानांना झोडपून काढलं. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे जागच्या जागी गेले, आणि धड असा एकटा रनर उरला. त्याने एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून अलीकडे आणलं, बांधाची उभी चढण चढून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून नेऊन सुरक्षित जागी ठेवलं. मग तो परत गेला आणि दुसऱ्याला तसाच घेऊन आला. दोन्ही वेळा वरून तोफगोळे आणि गोळ्या चालूच होत्या.

यानंतर नामदेव तिसऱ्यांदा नदीत उतरले. टॉमीगनने एक ठाणं गप्प केलं. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून दिली आणि ग्रेनेड घेऊन आणखी दोन ठाणी उडवली. शेवटी भर माऱ्यात बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि उरलेल्या कंपनीला हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो या सगळ्यासाठी.

ही गोष्ट मी शाळेत ऐकली, एनसीसीच्या कॅम्पात ऐकली आणि परवा एका व्याख्यानमालेतही ऐकली. प्रत्येक वेळी ती तिसऱ्या खेपेपासून सुरू झाली. आधीच्या दोन खेपा वक्त्याने ‘आपल्या जखमी साथीदारांना वाचवून’ एवढ्या चार शब्दांत उरकल्या. टाळ्या ग्रेनेडला पडल्या. मानपत्रात मात्र त्या दोन खेपा नीट, क्रमाने, चढण आणि पाण्यासकट लिहिलेल्या आहेत. म्हणजे कागदाने त्या नोंदवल्या आणि आपण गाळल्या.

शौर्याचा आपला सार्वजनिक हिशेब किती पुढे गेला आणि किती मारले यावर चालतो. किती परत आणले, याचं खातंच आपण उघडलेलं नाही. हे खातं उघडायचं असेल तर त्याची पहिली जबाबदारी पुण्याची आहे, असं मला वाटतं. पुण्याचीच का, ते पुढे येईल.

आधी पदकांचं राजकारण बघू. जानेवारी १९१६मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, दोन हिंदी शिपायांनी जे केलं त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. छत्ता सिंग उघड्यावर पडलेल्या जखमी कमांडिंग ऑफिसरपाशी धावत गेले, जखम बांधली, हातातल्या अवजाराने माती खणून त्याच्यासाठी आडोसा केला आणि पाच तास त्याच्या अंगाशी पडून राहिले. त्याच महिन्यात लान्स नाईक लाला यांनी एका अधिकाऱ्याला ओढून आडोशाला आणलं. मग उघड्यावर दुसऱ्याची हाक ऐकली, सरपटत त्याच्यापाशी गेले आणि थंडीत स्वतःच्या अंगावरचे कपडे काढून त्याला घातले. अंधार पडल्यावर पहिल्याला पाठीवरून खंदकात नेलं आणि स्ट्रेचर घेऊन दुसऱ्यासाठी परत आले. दोघांच्याही गोष्टीत शत्रूचं एकही ठाणं पडत नाही.

त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या अखेरीस, फ्रान्समधल्या ब्रिटिश मुख्यालयाने धोरण बदललं. यापुढे सर्वोच्च पदक विजयाला प्रत्यक्ष हातभार लावणाऱ्या कृत्यांनाच. जखमीला उचलून आणणं कितीही थोर असलं तरी ते या पदकासाठी धरायचं नाही. पुढे एक सवलत राहिली. ज्यांचं ते कामच आहे, म्हणजे डॉक्टर आणि स्ट्रेचरवाले, त्यांचा विचार होऊ शकत होता. या चिंचोळ्या फटीतून जो माणूस वर आला त्याचं नाव विल्यम कोल्टमन. इंग्लंडातल्या बर्टनकडचा माळी, धर्माने इतका पक्का की माणूस मारणं मनाला पटेना. रायफल घेऊन भरती झाला होता, पण पुढे त्याने स्ट्रेचर मागून घेतलं. १९१७ आणि १९१८ या दोन वर्षांत त्याला मिलिटरी मेडल दोनदा, डिस्टिंग्विश्ड कॉन्डक्ट मेडल दोनदा आणि शेवटी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शेवटचं पदक ऑक्टोबर १९१८मधलं. माघारीत जखमी मागे राहिल्याचं कळल्यावर हा एकटा पुढे गेला, त्यांना मलमपट्टी केली, तीन वेळा माणसं पाठीवर घालून आणली आणि पुढचे ४८ तास हात थांबवला नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातल्या बिगर-अधिकाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त पदकं याची, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. युद्ध संपल्यावर गडी परत बागेत गेला.

‘ज्यांचं ते कामच आहे’ या शब्दांपाशी थोडं थांबायला हवं, कारण ते आपल्याही तोंडात सारखे असतात. ड्रेनेजमध्ये उतरणाऱ्याबद्दल, आयसीयूतल्या आयाबाईंबद्दल, पुरात दोर धरून उभ्या राहणाऱ्या फायरमनबद्दल आपण म्हणतो, त्यांचं कामच आहे ते. तोफ डागणं हेही तोफखान्याचं कामच असतं, पण त्याला कोणी तसं म्हणत नाही. जे काम वाकून, हात बरबटून करायचं असतं त्यालाच हे वाक्य चिकटतं. ब्रिटिशांच्या नियमात हे वाक्य निदान स्ट्रेचरवाल्याच्या बाजूने वापरलं गेलं. आपण ते त्याला विसरण्यासाठी वापरतो.

यावर खरा आक्षेप आहे आणि तो मी माझ्या शब्दांत मांडला तर पातळ होईल. पुण्यात वानवडीला राहणारे एक निवृत्त लष्करी अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासमोर हा विषय काढला तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “एक जखमी उचलायला दोघं थांबले की तीन रायफली गप्प होतात. हल्ला थंडावतो. मग आणखी दहा पडतात. तुम्ही पदक देऊन त्याला उत्तेजन देणार?” याला भावनेने उत्तर देता येत नाही. फ्रान्समधला तो निर्णयही याच विचारातून आला असणार, दुष्टपणातून नव्हे.

पण त्यांच्याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. पुढे जाणारा जवान न थांबता पुढे जातो, कारण मागून कोणीतरी येतंय हे त्याला माहीत असतं. तो भरवसा काढून घेतला तर काय होतं, हे आपल्या शहराच्या नावाच्या डिव्हिजनने भोगलेलं आहे. सहावी पूना डिव्हिजन १९१४मध्ये मेसोपोटेमियातल्या बसऱ्याला उतरली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. सातारा, रत्नागिरी, पुणे, नगरकडची पोरं. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली. मेलेले आणि जखमी मिळून साडेचार हजारांच्या घरात गेले. इतक्या जखमींची तयारी कोणी केलीच नव्हती. हिंदुस्थान सरकारने काटकसर केली होती: वाहणारी माणसं कमी, नदीतून नेणाऱ्या बोटी कमी, इस्पितळी जहाज नाही. मग जखमींना खेचरांच्या दोनचाकी गाड्यांवर घातलं. त्या गाड्यांना स्प्रिंग नव्हते. एरवी या गाड्या तंबूचं सामान आणि दाणागोटा वाहायच्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाडीत, वाळवंटातल्या खाचखळग्यांवरून, मैलोन् मैल. त्यातून जे वाचले ते बोटींवर आणि त्यांना जोडलेल्या पडावांवर दाटीवाटीने टाकले गेले. ‘मेजिदिये’ नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा तिच्यावर सहाशेच्या आसपास जखमी होते. धक्क्यावर उभ्या असलेल्या मेजर कार्टर या डॉक्टरला बोटीच्या कडेवरून दोऱ्या लोंबताना दिसल्या. जवळ आल्यावर कळलं की त्या दोऱ्या नाहीत, वाळलेली विष्ठा आहे. त्याने हे वर कळवलं तर त्यालाच दरडावण्यात आलं. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७मध्ये अहवाल आला आणि लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

उरलेली डिव्हिजन माघार घेताना टायग्रिसकाठच्या कूत गावात वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण आली. इतिहासात कूत हा रणनीतीचा पराभव म्हणून शिकवतात. मला तो आधी खांद्यांचा तुटवडा वाटतो. जखमींना मागे नेण्याची सोय नाही हे दिसत असताना सैन्याला आणखी पुढे ढकललं गेलं. ‘तीन रायफली गप्प होतात’ हे खरं. पण स्ट्रेचर नसलं की अख्खी डिव्हिजन गप्प होते.

आता हे वाहणारे होते कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. लष्कराच्या कागदावर ते शिपाई नव्हते. त्यांना ‘फॉलोअर’ म्हणत, म्हणजे मागून चालणारे. भिश्ती, खेचरवाले, झाडूवाले, खानसामे आणि डोली किंवा स्ट्रेचर उचलणारे कहार, सगळे या एका पोत्यात. पगार शिपायापेक्षा कमी, मान त्याहून कमी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून पाच लाखांवर बिनलढाऊ माणसं समुद्रापार गेली. कहार म्हणजे उत्तरेकडचे भोई. पालखी, मेणा, डोली वाहणं जातीने ज्यांच्या गळ्यात घातलं, त्यांच्याच हाती लष्कराने स्ट्रेचर दिलं. शिपायाला लागणारी गोळी त्यांनाही लागायची. फरक एवढाच की त्यांच्या हातात उलट मारायला काही नसायचं.

आपण मराठी माणसांनी यात ब्रिटिशांना फार नावं ठेवू नयेत. जुलै १६६०ची ती रात्र आपल्याला पाठ आहे. पन्हाळ्यावरून निघालेली पालखी, दुसऱ्या पालखीत शिवा काशीद, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल. पण धो धो पावसात, अंधारात, मसाईच्या पठारावरून, मागे सिद्दीचे घोडेस्वार असताना ती पालखी पळवत नेली कोणी? भोयांनी. पळता पळता खांदा बदलायचा, पालखी कलली नाही पाहिजे, पाय घसरला नाही पाहिजे. ते घसरले असते तर खिंड लढवायला कारणच उरलं नसतं. त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव आपल्या पोरांना सांगता येईल? बाजीप्रभूंचा मान तसूभरही कमी न करता हा प्रश्न विचारता येतो.

आपली भाषाच बघा. ‘खांदा देणे’ म्हटलं की डोळ्यांपुढे तिरडी येते. पालखीच्या खांदेकऱ्याला मान, तिरडीच्या खांदेकऱ्याला पुण्य. मधे जो जिवंत आहे, कण्हतो आहे, रक्ताने चिकट झाला आहे, त्याला खांदा देणाऱ्याला मराठीने शब्दच ठेवला नाही. आपण ‘स्ट्रेचरवाला’ म्हणतो, भाजीवाला म्हणतो तसं.

पदक मिळालं म्हणजे सगळं फिटलं, असंही नाही. बोअर युद्धात १८९९ला गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतल्या सुमारे अकराशे हिंदी लोकांचं ॲम्ब्युलन्स पथक उभं केलं. त्यातले बहुतेक गिरमिटिये मजूर. स्पियाँ कॉपच्या लढाईत जखमींना घेऊन ही माणसं दिवसाला वीस-पंचवीस मैल चालली. पदकं मिळाली ती म्होरक्यांना, सदतीस जणांना. १९०६मध्ये झुलूंच्या बंडात गांधीजी पुन्हा छोटं पथक घेऊन गेले, आणि तिथे बहुतेक शुश्रूषा करावी लागली ती फटके खाल्लेल्या झुलूंची, कारण गोरे त्यांना हात लावायला तयार नव्हते. या दोन्ही वेळची युद्धपदकं आणि कैसर-ए-हिंद हे सुवर्णपदक गांधीजींनी ऑगस्ट १९२०मध्ये परत केली. पदक सरकारचं होतं, ते परत करता येतं. वाहिलेलं ओझं परत कसं करणार? साडेतीन वर्षांनी, जानेवारी १९२४मध्ये, येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना ससूनमध्ये आणून ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ते पुरं झालं, ही हकिगत पुणेकर आवडीने सांगतात. आपल्याला डॉक्टर आणि कंदील आठवतो. तुरुंगातून टेबलापर्यंत नेणारे हात कुठल्याच हकिगतीत येत नाहीत.

पुणंच का, ते आता सांगतो. देशात लढाया सरहद्दीवर होतात, पण लढाईतून परत आणलेली माणसं पुण्यात येतात. वानवडीला लष्कराचं कमांड हॉस्पिटल आणि एएफएमसी हे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९४४मध्ये सुरू झालेलं कृत्रिम अवयव केंद्र इथेच आहे. पाय गमावलेला जवान इथे येऊन नवा पाय घालून पहिल्यांदा दोन बारच्या मधे उभा राहतो. खडकीला पॅराप्लेजिक केंद्र आहे, जिथे कमरेखाली संवेदना नसलेले माजी सैनिक व्हीलचेअरवर वर्षानुवर्षं राहतात. अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था १९१७ची, तीही आता खडकीलाच. यातलं प्रत्येक दार कोणीतरी उचलून आणलेल्या माणसासाठी उघडलेलं आहे. मुरलीकांत पेटकरांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२मध्ये त्यांनी हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात जागतिक विक्रम करून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्या सात वर्षांच्या सुरुवातीला, गोळीबार चालू असताना, त्यांना जमिनीवरून उचलणारे दोन-चार हात होतेच. पदक तेव्हाच अर्धं ठरलं होतं.

कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. हा आकडा आपल्याला पाठ आहे आणि असायलाच हवा. १,३६३ जखमी झाले, हा आकडा किती जणांना माहीत आहे? तोलोलिंगसारख्या कड्यावर पंधरा-सोळा हजार फुटांवर हेलिकॉप्टर कुठे उतरणार? दिवसा हललं की वरून गोळी. त्यामुळे जखमीला रात्री, हातांवर, दोरावर, पाठीवर खाली आणायचं. त्या हवेत माणसाला स्वतःचं दप्तर जड होतं.

आणि कोणी म्हणेल हे सगळं लष्करी आहे, नागरी शहराचा काय संबंध, तर मी त्यांना मुंढव्याला नेईन. १८९७चा प्लेग. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला गायकवाडांचा मुलगा तापाने फणफणलेला, जवळ जायला कोणी तयार नाही. सावित्रीबाई फुल्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि चालत हडपसरजवळच्या सासाणे मळ्यात, मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. साठी उलटून गेलेली बाई. सावित्रीबाई म्हटलं की आपण पाटी-पुस्तक काढतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांचं शेवटचं काम स्ट्रेचरवाल्याचं होतं. पुण्यातले चौक एकेक आठवा: तलवार, घोडा, पगडी, पुस्तक, उंचावलेलं बोट. पाठीवर दुसरं माणूस घेऊन वाकलेली आकृती दिसते का बघा.

मग करायचं काय? परमवीर चक्राच्या नियमात ‘आत्मत्याग’ हा शब्द शौर्याच्या बरोबरीने लिहिलेला आहे. नियम आडवा येत नाही, आपली नजर येते. २१ परमवीरांत वैद्यकीय दलाचा एकही नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचे, राम राघोबा राणे १९४८मध्ये राजौरीच्या वाटेवर रणगाड्यांपुढे सुरुंग काढत गेले आणि परमवीर झाले, म्हणजे गोळी न झाडताही तिथे पोचता येतं हे सिद्ध आहे. कोरियात ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स घेऊन गेलेल्या कर्नल रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. वैद्यकीय दलाच्या मेजर लैश्राम ज्योतिन सिंग यांनी २०१०मध्ये काबूलला आत्मघातकी हल्लेखोराला नुसत्या हातांनी मिठी मारली, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे दोघे डॉक्टर, अधिकारी. स्ट्रेचरचा दांडा धरणारा शिपाई या उंचीवर दिसला पाहिजे. किती जणांना, किती अंतर, किती माऱ्यात आणलं, हे शिफारशीत मोजून लिहिण्याची सक्ती असावी. जे मोजलं जातं त्याला लष्करात किंमत येते, हे वानवडीच्या साहेबांनाही मान्य होईल.

घोरपडीचं युद्धस्मारक पुणेकरांनी वर्गणी काढून उभारलं आणि १९९८मध्ये खुलं झालं. ज्या शहराने ते केलं, ते शहर खांदेकऱ्यांसाठी एक दगड बसवू शकतं. सरकारकडे हात पसरायची गरज नाही. जागा मात्र कृत्रिम अवयव केंद्राच्या वाटेवर असावी, जिथे ती ज्यांना कळेल त्यांनाच दिसेल.

आणि रस्त्यावरच्या जखमीबद्दल. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. तरी नवले पुलावर गाडी उलटली की हातात मोबाइल आधी येतो. मला त्यात फक्त निर्दयपणा दिसत नाही. लोकांना उचलता येत नाही आणि येत नाही याची लाज वाटते, म्हणून ते शूटिंग करतात. मानेला धक्का न लावता माणूस कसा हलवायचा, कधी मुळीच हलवायचा नाही, हे आपल्याला कुठल्या इयत्तेत शिकवलं?

मला ते पन्नाशीत, जिन्यात शिकायला मिळालं. सदाशिव पेठेतली आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नसलेली. गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स वेळेत आली, पण तिचं स्ट्रेचर आमच्या जिन्याच्या वळणावर वळेना. डॉक्टर म्हणाले, चालवू नका. मी बाबांच्या काखेत हात घालून उचलायला लागलो, तेवढ्यात खालून रात्रीचे वॉचमन आले. साताऱ्याकडचे, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त. आम्ही त्यांना काका म्हणतो.

“साहेब, सोडा. खुर्ची आणा. लाकडी, हात नसलेली.”

डायनिंगची खुर्ची आली. काकांनी बाबांना चादरीने खुर्चीला बांधलं, स्वतः पाठीकडे उभे राहिले, मला पुढचे पाय धरायला लावले. “पाय खालच्या अंगाला, डोकं वर. तुम्ही उलटं उतरायचं. पायरी मी मोजतो, तुम्ही फक्त पाय टाका.” तेहतीस पायऱ्या. पहिल्या वळणावर माझ्या बोटांना वळ आले, दुसऱ्याला मनगटं थरथरायला लागली. बाबा वाळलेले, पंचावन्न किलोचे. काका पासष्टीचे, त्यांचा श्वाससुद्धा वर आला नाही. बाबा आठ दिवसांनी घरी आले, तेव्हा मात्र त्याच खुर्चीवर बसायला तयार होईनात.

नंतर एकदा काकांना विचारलं, हे कुठे शिकलात. मला वाटलं होतं रायफलवाले असतील.

“मी बँडात होतो. ट्रम्पेट.”

“मग?”

“पलटण लढाईला निघाली की वाद्यं जमा करतात, साहेब. बँडवाल्याच्या हातात स्ट्रेचर. सगळ्या इन्फंट्रीत तसंच असतं.”

लढाईचं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. पण एक गोष्ट त्यांनी हाताने दाखवली. बँडात सगळ्यांचं पाऊल एक पडलं पाहिजे, वर्षानुवर्षं तेच अंगात भिनवतात. स्ट्रेचरवर उलटं. पुढच्याचा डावा पाय उचलला की मागच्याने उजवा उचलायचा. पावलं जुळली की स्ट्रेचर झोपाळ्यासारखं हिंदकळतं आणि वरच्या माणसाची मोडलेली हाडं एकमेकांवर घासतात. “अख्खं आयुष्य पाऊल जुळवण्यात गेलेलं. ते मोडायला शिकलो तेव्हा खरी नोकरी कळली,” एवढंच म्हणाले.

सोसायटीच्या सभेत मी घडीचं स्ट्रेचर आणि जिन्यासाठी कॅरी-चेअर घ्यायचा ठराव मांडला. खजिनदारांनी विचारलं, रोज लागणार आहे का? दुसरे म्हणाले, घरात अशी वस्तू ठेवणं बरं नाही. तासभर चर्चा झाली, पाण्याच्या टाकीच्या विषयाइतकीच. शेवटी मंजूर झालं. वस्तू मीटररूममध्ये, गणपतीच्या मखरामागे ठेवल्या आहेत.

परवा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सराव झाला. झोपायला कोणी तयार होईना म्हणून मीच झोपलो. पुढे दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा, मागे खजिनदार. काका बाजूने चालत ओरडत होते, “पावलं मोडा! जुळवू नका, मोडा!” गेटपर्यंत जाऊन परत येईस्तोवर खजिनदार घामाने डबडबले होते. मी उतरायला लागलो तर काकांनी हाताने थांबवलं.

“झोपा, साहेब. आता यांना जिना दाखवू.”